हिमांशूचं घरून काम

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत रोज सकाळी नवाच्या सुमाराला एका घराच्या पुढच्या खोलीचं दार लागायचं, आणि सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, की आता संध्याकाळपर्यंत त्या दाराला कोणी हात लावायचा नाही. आत हिमांशूचं ऑफिस सुरू झालेलं असायचं. कुकरची शिट्टी झाली तरी अनसूयाबाई दचकून दाराकडं बघायच्या. दूधवाल्यानं हाळी दिली, की त्या ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "हळू बाबा. मीटिंग चालू आहे त्याची."

मीटिंग कसली डोंबलाची! आत इस्त्रीचा शर्ट घालून, खाली घरातला पायजमा तसाच ठेवून, बत्तीस वर्षांचा एक शिकलासवरलेला माणूस लॅपटॉपपुढं बसलेला असायचा आणि त्याच्याकडं जगातलं कुठलंही काम नसायचं. पुण्याच्या कंपनीनं त्याला आणि त्याच्यासोबतच्या पुष्कळांना दिवाळीच्या तोंडावर नारळ दिला होता. तोही समोर बसवून नव्हे. पडद्यावर एक हसरी बाई आली, कंपनीला फार वाईट वाटतंय म्हणाली, आणि तिचं वाईट वाटून व्हायच्या आत याचा कंपनीचा पासवर्ड बंद पडला. पुण्यात भाडं भरत बसण्यापेक्षा घरी जाऊन शोधू, महिन्या-दोन महिन्यांत लागेल कुठं तरी, असं म्हणून तो संभाजीनगरला आला. व्यंकटरावांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं आलास. पण चार ठिकाणी बोलू नकोस." व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. सगळा जन्म मान खाली घालून काढलेला, आणि मुलगा इंजिनिअर झाल्यापासून ती मान जरा वर आलेली. ती पुन्हा खाली जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा. त्यात त्यांचं चुकलं तरी काय?

तेव्हाच धाकट्या सावनीचं स्थळ जमत आलं होतं. मुलगा श्रीरंग, बँकेत नोकरीला, माणसं चांगली, हुंड्याबिंड्याचं नाव नाही. बैठकीच्या दिवशी श्रीरंगच्या आईनं सहज विचारलं, "आणि सावनीचे भाऊ काय करतात?" अनसूयाबाई पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याकडं न बघता, मुलाकडं न बघता त्या म्हणाल्या, "पुण्याच्या कंपनीत आहे ना. घरूनच काम करतो." झालं! एकच वाक्य, पण बाण सुटला तो सुटला. माणसानं एक वेळ मोठं खोटं बोलावं, ते निदान लवकर फुटतं तरी. असं लहानसं, घरगुती, पोह्यांबरोबर वाढलेलं खोटं फार वाईट. ते कोणी तपासत नाही आणि मग ते रोज पाळावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती किती दिवस झाकून धरायची, बोटं दुखायला लागली तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

ठरलं असं, की सावनीचं लग्न होईपर्यंत दम काढायचा. लग्न वैशाखात धरलं होतं. पण त्या वर्षी पाऊस असा काही रुसला, की माघातच धरणाचा तळ दिसायची भाषा सुरू झाली. शहर तिकडं बिडकीनपर्यंत पसरत चाललेलं, नवे रस्ते, नव्या इमारती, नव्या पाइपलाइनसाठी जिकडं तिकडं खोदून ठेवलेलं, आणि नळाला पाणी मात्र आठवडा उलटल्यावर. श्रीरंगच्या घरच्यांनी निरोप पाठवला, की टँकरच्या भरवशावर वऱ्हाड जेवू घालणं काही खरं नाही, आता तुळशीचं लग्न झाल्यावरच करू. व्यंकटरावांनी मोठ्या मनानं होकार दिला. हिमांशूनं आपल्या खोलीत ते ऐकलं आणि हिशेब न करताही त्याला कळलं, की हे दार आता सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा लावावं लागणार.

आत बसून तो काही झोपा काढत नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. पोरगा कष्टाळू. पण त्याचं दुखणं असं, की नऊ वर्षं त्यानं ज्या प्रकारचं काम केलं, त्याला आता कोणी विचारत नव्हतं. जुन्या विमा कंपन्यांचे जुने प्रोग्राम डागडुजी करून चालते ठेवायचे, हे त्याचं काम. त्यात तो पटाईत होता. जाहिराती मात्र भलतंच मागत होत्या. म्हणून त्यानं पायथन शिकायला घेतलं. ते होतंय तोवर जाहिराती क्लाउड मागू लागल्या. क्लाउडची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलं, तोवर एआय येत असेल तरच अर्ज करा म्हणू लागल्या. तेही तो शिकायला बसला, आणि शिकता शिकता त्याच्या लक्षात आलं, की आपण नऊ वर्षं जे करत होतो ते हे यंत्र चहा गार व्हायच्या आत करून टाकतं.  त्याला रडू आलं, पण दाराबाहेर आई होती, म्हणून त्यानं ते गिळलं.

मुलाखती व्हायच्या. समोरचे बहुतेक त्याच्याहून लहान. सगळं नीट चाललेलं असायचं आणि मग विचारायचे, मधल्या काळात काय करत होतात? शिकत होतो म्हटलं, की चेहरे पडायचे. शिकणारा माणूस म्हणजे ज्याला येत नाही असा माणूस, असा काहीतरी त्यांचा समज. कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत.

आणि पाण्याचा दिवस! तो तर नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पाणी यायचं ते भर दुपारी आणि इतकं बारीक, की मोटर लावली तरी गच्चीवर चढायचं नाही. खालच्या नळावर भरायचं आणि घागरीनं वर न्यायचं. व्यंकटरावांचे गुडघे गेलेले, सावनी शाळेत शिकवायला गेलेली. म्हणजे राहिल्या अनसूयाबाई. पहिल्यांदा हिमांशू बाहेर आला आणि त्यानं आईच्या हातची घागर घेतली, तर समोरच्या मालनबाई ओरडल्या, "अरे, तुझे कंपनीवाले तुला पगार पाणी भरायचा देतात का? जा रे बाबा, नोकरी सांभाळ. लई अवघड दिवस आलेत." मालनबाईंच्या पोटात माया होती, दुसरं काही नाही. पण अनसूयाबाई घाबरल्या आणि त्यांनी त्याला डोळ्यांनीच आत जा म्हणून सांगितलं. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी तो आत बसायचा आणि आईच्या पायांचा जिन्यावरचा आवाज ऐकायचा. मध्ये ती थांबली, की याचाही श्वास थांबायचा. धडधाकट पोरगा घरात, आणि साठी ओलांडलेली बाई पाणी वाहतेय. का, तर पोराची नोकरी जायला नको म्हणून. जी गेलेलीच होती!

त्याला मोकळं वाटायचं ते संध्याकाळी, क्रांती चौकाजवळच्या अभ्यासिकेत. तिथं स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या गर्दीत एका कोपऱ्यात प्रणय बसलेला असायचा. प्रणय त्याचा कॉलेजातला जोडीदार. त्याचीही नोकरी गेलेली, फक्त त्यानं ती झाकली नव्हती. त्याचे वडील सखाराम बुद्धविहारात भेटेल त्याला सांगायचे, पोराला काम बघा. "बाबासाहेबांनी शिका म्हणलं, लाजा नाय म्हणलं," असं त्यांचं म्हणणं. हिमांशूला त्या बापलेकांचा हेवा वाटायचा, अगदी मनापासून वाटायचा. दोघांनी मिळून सरावासाठी एक प्रोग्राम बांधायला घेतला होता. समजा एखादा कारखाना आहे, त्याचे गावोगाव दुकानदार आहेत, ते फोनवर मराठीतून नुसतं बोलून माल मागवतात, आणि ते ऐकून मागणी आपोआप नोंदली जाते, माल कधी निघाला, कुठं पोचला ते कळतं. त्यातलं अवघड ते सगळं हिमांशूनं केलेलं. मराठवाड्यातली बोली त्या यंत्राला समजावी म्हणून त्यानं जीव ओतला होता. कारखाना मात्र खोटाच होता.

खरा कारखाना ज्येष्ठातल्या एका दुपारी चालत घरी आला.

श्रीरंगचे मामा अंबादासराव. बिडकीनच्या अलीकडं त्यांची शेड होती, प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या बनवायची. दुष्काळात सगळ्यांचं बसलं आणि मामांचं उठलं. घरोघर टाक्या हव्या होत्या. कमी बोलणारा माणूस. कोणाच्या घरी सहसा जाणार नाही, आला तर पाणी पिऊन निघणार. ते अचानक, एकटेच, उन्हातून आले, पंख्याखाली बसले आणि व्यंकटरावांना म्हणाले, हिमांशूरावांना जरा वेळ असेल तर बोलवा. अनसूयाबाईंनी दारावर टकटक केली. आतून पँट चढवून हिमांशू बाहेर आला.

मामांनी कामाचं सांगितलं. दुकानदार वाढलेत, फोन दिवसभर वाजतो, मागण्यांचा गोंधळ होतो, एका गावची टाकी दुसऱ्या गावाला जाते. पुण्याचे लोक येऊन मोठमोठं दाखवून गेले, पण त्यांना आमच्या दुकानदारांची बोली कळत नाही. हिमांशू खुर्चीत पुढं सरकला. हे तर त्यानं आणि प्रणयनं अभ्यासिकेत बांधलेलंच होतं, जसंच्या तसं!

मामा म्हणाले, "मला इथलाच माणूस पाहिजे. शिकलेला, घरंदाज, तुमच्याच वयाचा. पुढं सगळं त्याच्याच हातात द्यायचंय." मग त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि अगदी सावकाश विचारलं, "तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

मी आहे. दोन शब्द. ते त्याच्या घशापर्यंत आले. त्यानं वडिलांकडं बघितलं. व्यंकटराव कौतुकानं हसत होते. म्हणाले, "अहो, ह्याच्या ओळखी म्हणाल तर भरपूर. ह्याला स्वतःला मात्र श्वास घ्यायला फुरसत नाही." स्वयंपाकघराच्या दारात अनसूयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. हिमांशूनं शब्द परत गिळले आणि म्हणाला, बघतो, विचारतो एक-दोघांना.

मामा उठले. पायात चपला घालता घालता पुन्हा म्हणाले, "घाई नाही. रविवारपर्यंत नीट विचार करा. आम्ही काय, घरचीच माणसं आहोत."

तो रविवार येईपर्यंत पोराला घास गेला नाही. इकडे आड आणि तिकडे विहीर. स्वतःचं नाव सांगावं, तर बैठकीत सांगितलेलं खोटं होतं हे कबूल करायचं, तेही मुलाच्या मामापुढं, लग्नाच्या आधी. सावनीला आयुष्यभर ऐकावं लागेल, की तुझ्या माहेरच्यांनी फसवलं. नाही सांगावं, तर असं काम पुन्हा दारात चालत येणार नाही. त्यानं आईला एकटीला गाठून विचारलं. अनसूयाबाई बराच वेळ गव्हातले खडे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्न होऊन जाऊ दे रे. एवढे दिवस काढलेस." त्यानं प्रणयला सांगितलं. प्रणय चिडला. "येडा झाला का बे? डोकं तुझं, मेहनत तुझी. तूच जा ना यार." हिमांशूनं त्याला सगळी अडचण सांगितली. मग प्रणयनं हट्ट सोडला. त्याच्याही घरी चूल होती.

रविवारी हिमांशूनं मामांना प्रणयचं नाव आणि नंबर पाठवला. माझ्यापेक्षा हुशार आहे, असंही लिहिलं. मामांचं उत्तर आलं, "बरं." एवढंच.

प्रणयला काम लागलं. तो पेढे घेऊन आला आणि दारातच त्याचे डोळे भरले. हिमांशूनं त्याला मिठी मारली, आणि ती मिठी खरी होती, कारण प्रणयनं काही कोणाचं हिसकावून घेतलं नव्हतं. पण पुढची गंमत बघा. प्रोग्राम खऱ्या कारखान्यात लावल्यावर अडायला लागला. बिडकीनचा दुकानदार एक बोलायचा आणि यंत्र दुसरंच लिहायचं. जिथं अडायचं तो भाग नेमका हिमांशूनं लिहिलेला. मग प्रणयचा फोन यायचा, आणि हिमांशू दार लावून तासन् तास ते दुरुस्त करत बसायचा. प्रणय म्हणायचा, अर्धा पगार तू घे. हा म्हणायचा, सोड रे. म्हणजे आता तो खरोखरच घरून काम करत होता, तेही सावनीच्या होणाऱ्या सासरकडच्याच कारखान्याचं. फक्त नोकरी दुसऱ्याची होती. आई बाहेर मीटिंग चालू आहे म्हणून सांगायची आणि आता ते खोटं नव्हतं, तर त्याचा उपयोगही नव्हता. हिमांशूला कधी कधी मोठ्यानं ओरडावंसं वाटायचं.

पुढं पाऊस झाला, चांगला झाला, धरण भरलं. तुळशीचं लग्न लागलं आणि त्यामागोमाग सावनीचं. हिमांशूनं अंगात नवा झब्बा घालून कानपिळी केली, श्रीरंगचा कान पिळला, सगळे हसले. अंबादासमामा पंगतीत भेटले. त्यांनी नमस्कार घेतला, पण नजर काही फारशी दिली नाही. हिमांशूनं मनावर घेतलं नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं. मांडवपरतणीला दोघं आली, की त्यांना बसवून सगळं खरं सांगायचं. आता अक्षता पडल्यात, आता कोण काय करणार? मग ह्या दाराची कडी एकदाची काढायची आणि मामांकडं स्वतः जाऊन म्हणायचं, काम द्या. त्या आठवड्यात तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

मांडवपरतणीला सावनी आणि श्रीरंग आले. पुरणाचा बेत होता. बाहेर व्यंकटराव जावयाशी बोलत बसले आणि आत हिमांशूनं सावनीला बाजूला घेतलं. म्हणाला, "सावने, आज मी श्रीरंगरावांना सांगून टाकणार आहे. माझ्या नोकरीचं."

सावनीनं हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, ती नको म्हणणार.

"दादा, त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या आधीपासून माहीत आहे. ह्यांचा एक मित्र तुझ्याच कंपनीत होता. मला तिथं गेल्यावर कळलं."

हिमांशूला आधी काही समजलंच नाही. सावनी खालच्या आवाजात सांगत गेली. त्या घरात कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. नोकऱ्या काय, जातात आणि लागतात. मुलगी चांगली आहे, माणसं चांगली आहेत, आई-वडिलांनी लाजेपोटी लपवलं असेल, आपण कशाला चारचौघांत उघडं पाडायचं, असं म्हणून सगळे गप्प बसले होते. आणि मामा?

"मामा तुझ्यासाठीच आले होते रे. इथं यायच्या आधी सासूबाईंना सांगून आले होते, की काम देतो म्हटलं तर त्याला उपकार वाटतील, ओळखीत कोणी आहे का विचारतो, म्हणजे तोच म्हणेल मी येतो. पोराचा मानही राहील. रविवारपर्यंत वाट बघितली त्यांनी. मग तू दुसऱ्याचा नंबर पाठवलास. तेव्हापासून ते म्हणतात, पुण्याला राहिलेल्या पोराला आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये यायला कमीपणा वाटला."

हिमांशूनं मान वळवली. उंबऱ्याशी अनसूयाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यानं आईकडं बघितलं आणि त्याला एकदम शंका आली.

"आई, तुला कळलं होतं का त्या दिवशी? मामा कशाला आलेत ते?"

 पोळपाटावरची पोळी तशीच होती. "वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "असा माणूस उन्हातनं उगाच येत नाही. पण खात्री नव्हती रे. खात्री नसताना कसं बोलायचं?" आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्याला आईचा संताप आला, मामांचा आला, त्या सगळ्या चांगल्या, समजूतदार, दुसऱ्याचा मान जपणाऱ्या माणसांचा आला. एकानं तरी तोंड उघडायचं होतं. एकानं तरी त्याला सरळ, खडसावून विचारायचं होतं. पण त्यानं तरी कुठं उघडलं होतं? त्याच्यासाठी सगळ्यांनी दार किलकिलं करून ठेवलं होतं आणि तो आतून कडी घालून बसला होता. आता मामांकडं जायचं, तर तिथं प्रणय बसलेला होता, आणि प्रणयच्या घरी सखाराम विहारात मुलाची नोकरी सांगत फिरत होते. तिथून त्याला उठवायचं का?

बाहेरून व्यंकटरावांनी हाक मारली, जावयांना वाढायला या म्हणून. हिमांशूनं तोंडावर पाणी मारलं आणि पुरणपोळीचं ताट घेऊन बाहेर गेला. जावयाला सगळं आधीपासून माहीत आहे, हे व्यंकटरावांना ठाऊक नव्हतं. ते रंगात येऊन सांगत होते, की लग्नाला रजा मिळवताना हिमांशूच्या नाकी नऊ आले, ह्याच्या कंपनीवाल्यांना माणुसकी म्हणून नाही. कितीतरी दिवसांनी त्यांच्या घरी कार्य झालं होतं, आणि त्यांची मान अगदी ताठ होती.

श्रीरंगनं हिमांशूकडं बघितलं. हिमांशूनं त्याच्याकडं बघितलं. श्रीरंगला कळलं, की आता ह्यालाही कळलंय.  मग श्रीरंगनं, घरंदाज मुलगा तो, सासऱ्यांच्या बोलण्याचा धागा धरला आणि विचारलं, "काय दादा, काम कसं चाललंय?"

व्यंकटराव मुलाकडं बघत होते.

"जोरात चाललंय," हिमांशू म्हणाला, आणि त्याला दुसरी पोळी वाढली.

"छान, छान," श्रीरंग म्हणाला आणि ताटाकडं बघून जेवायला लागला.